रकाना क्रमांक नऊ

तीन महिने. मानधन दर सात तारखेला, टीडीएस कापून.
खोली चार. पंखा आवाज करतो, हे आधीच सांगितलेलं.
किल्लीचं डिपॉझिट पाचशे, पावती मीच फाडली.

डॉ. इख्लास बशीर, खार्तूम.
विषय: शहरी युद्धात पुलांवरचा ताबा.
पुलांवरचा? मी विचारलं.
‘आमच्याकडे पण दोन नद्या, गोडांबे. संगम.
फक्त पाणी आहे.’
हे मराठीत. वीस वर्षांपूर्वी कोंढव्यात राहून बी.कॉम. केलेलं,
रिक्षावाल्यांशी भांडून कमावलेली भाषा,
क्रियापदं बहुतेक आज्ञार्थी.

भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी वाचून
ग्रंथालयात इतक्या हसल्या
की सबनीसबाईंनी चष्मा काढला.
‘स्वतःच बुडतो! कुणी घ्यायलाच नको!’

निबंधाला तळटिपा एकशे बारा. टंकन मी तपासलं.
सत्तेचाळीसावी:
लेखिकेचे प्रत्यक्ष निरीक्षण, घराच्या गच्चीवरून.
समितीचा शेरा, स्रोत अपुरा.
त्यांनी तारीख घातली. वेळ घातली, पहाटे पाच वीस.
मग चाललं.

निघतानाचा फॉर्म, तीन प्रतींत.
रकाना नऊ, कायमचा पत्ता.
पहिल्या प्रतीत गल्लीचं नाव लिहून खोडलं.
दुसरीत नुसतं शहर.
तिसरी माझ्याकडे सरकवली.
‘तुम्ही लिहा.’
सव्वीस वर्षांच्या नोकरीत रिकामा रकाना
मी पुढे पाठवलेला नाही.
लिहिलं: द्वारा, आमची संस्था, खोली चार.
डिपॉझिट परत द्यायचं राहिलं की राहू दिलं,
लेखापालांना अजून नीट सांगता आलेलं नाही.

खोलीत आता सायबर सुरक्षेचे एक गृहस्थ आहेत.
पंख्याबद्दल त्यांची लेखी तक्रार आली.
बाई म्हणायच्या, चालू ठेवा,
बाहेरचं ऐकू येत नाही.

हल्ली घरी जाताना म्हात्रे पुलावर
स्कूटर आपोआप हळू होते.
बघत राहतो, वाळूची पोती कुठे रचतील,
कणसांच्या गाडीपाशी, की त्या तिरक्या होर्डिंगखाली;
शाळा पलीकडे आहे, पोरं अलीकडे राहतात,
किती वाजता सुटते ती.
मागून हॉर्न. आणखी एक.
कुणीतरी ओरडतं,
काका, पुढे घ्या.