क्षारतेची वही

मुबीन दर्वे परत आला तेव्हा
त्याची तुकडी पुढच्या वर्षात गेली होती.
खोली तीच मिळाली, खाट वेगळी.
मेसमध्ये सगळे त्याच्याशी नीट बोलत,
इतकं नीट
की त्याच्या ताटात भात उरायचा.

मी मत्स्य महाविद्यालयाचा प्रयोगशाळा-परिचर.
बाटल्या धुतो.
बाटल्यांशी माझं जुनं आहे, अकरा वर्षांपूर्वीचं,
ते त्याला कुणीतरी सांगितलं असणार.
म्हणून तर दारात उभा राहून म्हणाला,
काका, सहा ते आठ हे दोन तास
कुठे ठेवू?

खाडीत ठेव, म्हटलं,
आणि वही दिली.
रिफ्रॅक्टोमीटर, लहान बादली, दोरी,
दोरीला माझी गाठ.

रोज साडेसहाला भाट्याच्या पुलावरून बादली सोडायची.
एक थेंब काचेवर.
उरल्यासुरल्या उजेडाकडे धरायचं,
निळं संपून पांढरं सुरू होतं
तिथला आकडा लिहायचा.
बस. एवढंच काम.
ते पुरतं असं नाही.
पण पुलापर्यंत चालत जायला पस्तीस मिनिटं लागतात,
आणि त्या मेडिकलसमोरून जायचं नाही म्हटलं
तर पन्नास.

अष्टमीला म्हटलं, आज भांग आहे,
पाणी फारसं चढणार नाही.
तो पहिल्यांदा हसला.
काका, तेवढा शब्द सोडून
काहीही बोला.

गुरुवारी जाळी विणायची खोली मी उघडतो.
सहा खुर्च्या, भाजके चणे, पंखा खडखडतो.
सलोनी बिर्जे खूप बोलते, मग रडते,
मग रडल्याबद्दल माफी मागते.
हर्षल टाकळे बोलतच नाही,
सुई घेऊन फाटकं जाळं सांधत बसतो.
चौथ्या गुरुवारी म्हणाला, बावीस दिवस,
आणि सुतळीचं टोक
ओठांत धरून ओलं केलं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
सलोनीने चण्यांची पुडी त्याच्याकडे सरकवली.

सतरा जानेवारीची ओळ कोरी आहे.

सोळाला तेहेतीस, अठराला तेहेतीस.
मधला आकडा कुणीही भरला असता,
खाडी काय तक्रार करणार होती?
त्याने तारीख लिहिलीये, वेळ लिहिलीये,
आणि पुढे काही नाही.
बराच वेळ मी त्या ओळीवर बोट ठेवून होतो.
माझ्या काळात मी सगळ्या ओळी भरल्या होत्या.
बायकोपुढे, डॉक्टरपुढे, हजेरीपटावर.
एक जागा सुटली नव्हती
आणि एक आकडा खरा नव्हता.

समितीचा कागद आला त्याच आठवड्यात.
बरे झालेले विद्यार्थी : संख्या.
चौकट इतकी इवलीशी
की तिच्यात माणूस काय, कोळंबीही मावू नये.
मी चौकटीबाहेर लिहिलं,
पाच येतात. खुर्च्या सहा मांडतो.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, एवढंच मोजता येतं मला.

अठराला संध्याकाळी
मी त्याच्याबरोबर पुलापर्यंत गेलो होतो.
विचारलं काही नाही.
त्यानेही मेडिकलचं, रात्रीचं,
पुन्हा एकपासून मोजायचं,
काही काढलं नाही.
सुकती लागली होती. कालवं काढणाऱ्या बायका
खडकांवरून परतत होत्या,
मिरकरवाड्याकडे एकेक दिवा.
त्याचा हात थरथरला, थेंब निसटला.
दुसरा घेतला.
तोही निसटला.
तिसऱ्याला म्हणाला, तेहेतीस.
लिही, म्हटलं.

परतताना दोरी गुंडाळत थांबला.
काका, ही गाठीपाशी झिजलीये,
एक दिवस बादली जाईल.
बघतो म्हटलं, स्टोअरमध्ये नवी असेल.
तोवर त्याने झिजलेलं टोक दातांनी तोडलं होतं
आणि पुन्हा बांधत होता,
माझ्यासारखी नाही,
त्याच्या बापाच्या होडीवर बांधतात तशी.