मुक्काम, कन्हान

पूर्वी ही गाडी ॲम्ब्युलन्स होती.
सायरन काढला, लाल पट्टी खरवडली,
तरी कामठी रोडवर ट्रकवाले अजून बाजू देतात.
आत दोन बर्थ, एक शेगडी,
आणि आरशाला टांगलेला ह्यांचा ओळंबा.
वळण त्याला आमच्या आधी कळतं.

हे सतरावं घर. म्हणजे सुकलाबाईंचं.
विटा कोराडीच्या राखेच्या,
चार उचलल्या की तळहात करडे.
वीज जन्मभर वापरली;
तिची राख आत्ता, एकसष्टाव्या वर्षी, हातात आली.

मे महिना. नऊनंतर माल हातातच सुकतो.
म्हणून पहाटे चारला हेडलाइट भिंतीवर सोडायचे
आणि शेषराव मिस्त्रीने थर लावायचे.
मधेच तो ओरडला,
"मावशे, पाहा ना जी, भिंतीले पोट आलं!"
मी ओळंबा सोडला. अर्धा सूत.
पाडायची?
सुकलाबाई घमेलं खाली न ठेवता म्हणाली,
"राहू द्या. माह्या सुनेलेबी आलं हाय."

दुपारी आधी भिंतींना पाणी,
मग आम्हाला.

शेवटच्या रात्री तिनं विचारलं, तुमचं घर कोनतं?
ह्यांनी गाडीकडे बोट केलं.
ती उठली, चारही चाकं वाकून पाहिली,
उरलेल्या विटेचा अद्धा
मागच्या चाकाखाली सरकवला.
"नाही तं घसरन जी."

सकाळी निघताना तो अद्धा मी उचलून
बर्थखाली ठेवला.
शिवनीकडे घाट आहे.