बत्तिसावी वस्तू

हातमोजे घालूनच हातमोजे उचलायचे, असा नियम.
माझे सुती, पांढरे, मनगटापर्यंत.
तिचे बकरीच्या कोवळ्या कातड्याचे,
माझ्या करंगळीच्या नखाएवढे,
आणि प्रत्येकावर दोन बटणं, खसखशीसारखी.

पेटी सोमवारी आली, भुशात गुंडाळून.
बाझलचे श्टेहेलिन लिहितात: तपासा, मोजा,
काही दुरुस्त करू नका. संच अस्पर्श असेल
तर लिलावात दुप्पट.
अस्पर्श. मी त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली,
मग खोडली. पत्र त्यांचं होतं.

तर मोजते आहे.
छत्री एक, मूठ हस्तिदंती.
बर्फावर घसरायचे बूट, पाती गंजलेली.
नाटकाला न्यायची दुर्बीण. तिच्यातून खरंच दिसतं:
माझी खिडकी, तिच्यापलीकडे बंद कारखाना,
दोन्ही धूसर.
फणी. फणीत केस नाहीत.
असते तर किंमत घटली असती.
किंवा वाढली. बाजाराचं काही सांगता येत नाही.

थुरिंगियाच्या जंगलाखालचं हे गाव
शंभर वर्षं बाहुल्यांची डोकी भाजत होतं.
माझा बाप त्या कारखान्यात डोळे बसवायचा,
दिवसाला चारशे.
घरात मला एकही बाहुली नव्हती, फुटकी डोकी मात्र रग्गड.
कवटीत पाणी ओतून आम्ही
बटाट्याच्या सालींचं सूप करायचो,
आणि डोळ्यांच्या खोबणींतून ते गळायचं.

एका कोपऱ्यात पेटीचं अस्तर उसवलेलं.
चिमट्यानं उचललं तर आत आगकाड्या.
तीन, एकापुढे एक, लाल दोऱ्यानं करकचून बांधलेल्या,
वर आडवी अर्धी, तिच्यावर फडक्याचा बोळा.
गूल नीट खुडलेले.
उलटीसुलटी करून पाहिली, मग कळलं. कुबडी.

तेव्हा कुठे मी वीतभर बाईसाहेबांचा पाय नीट पाहिला.
डाव्या गुडघ्याखाली चीर, मेणानं बुजवलेली.
कुणीतरी पाडलं होतं हिला,
आणि बहुधा पाडणाऱ्यानंच
पुन्हा चालायला शिकवलं.
एकतीस वस्तू दुकानातून आलेल्या.
ही एकच घरात झालेली,
आणि टोकाला झिजलेली हीच.

यादीत लिहिलं: बत्तीस. कुबडी, हातची, भरपूर वापरलेली.
उत्तर आलं: बत्तीस वगळा. संच एकतिसांचा आहे.
आणि फोटोत पायावरचा उजेड जरा वळवता येईल का?

येतो. वळवला.
त्यांना मी नावं ठेवत नाही.
काच नसती तर हे हातमोजे
केव्हाच कुणा पोराच्या तोंडात विरघळले असते,
आणि मी काय खाल्लं असतं?

वरच्या मजल्यावरची थूय, वय सहा,
शाळा सुटली की माझ्या टेबलाशी येते.
बाईसाहेबांकडे तिचं लक्ष नाही. काचेतलं काही मागायचं नसतं,
हे तिला पाठ आहे.
तिचा डायनासोर हिरवा, एक पाय कुत्र्यानं नेलेला.
वगळलेली कुबडी तिनं विचारल्याशिवाय उचलली,
त्याच्या पुढच्या पायाखाली धरून पाहिली.
“डायनासोरला काख नसते,” ती मला म्हणाली,
“पण हा शिकेल.”
मी नको म्हणणार होते.
तोंडात दोरा होता.

पेटी बाझलला गेली, एकतीस मोजून, सहीशिक्क्यानिशी.
शनिवारी जिन्यात लाल दोऱ्याचा तुकडा सापडला,
जरा पुढे मोडकी काडी.
दीडशे वर्षं टिकली होती. पाच दिवसांत संपली.
मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही.
तुकडा उघड्या हातानं उचलून खिशात टाकला,
आणि वरच्या दाराशी
नवी काडेपेटी ठेवून आले.

अर्धा जिना उतरले असेन.
सहा वर्षांच्या पोरीला काड्या!
धापा टाकत परत चढले, पायरीवरच बसले
आणि एकेका काडीचं डोकं खुडत राहिले
अंधार पडेपर्यंत.