कडेला धरून

सराफ्यात संध्याकाळी चांदीवाले शटर ओढू लागतात
आणि त्याच ओट्यांवर गराडूची कढई चढते.
मधल्या पाऊण तासात छाजेडजी नाणी बघतात,
आधी नाही. उन्हात नाणं खोटं बोलतं, म्हणतात,
एकच दिवा हवा, तोही एका बाजूने.

मी आईचा डबा उघडला. होळकरी रुपये, अकरा.
बोट घालणार तोच त्यांनी टोकलं :
“कडेला धरायचं, भिया. तोंडाला हात नाही लावायचा.”

आधी स्वतःची दाखवली, मला समजावं म्हणून.
एक प्रूफ. साच्यालाच आरसा होईतो घासतात,
मग कोऱ्या चकतीवर एकदा नाही, दोनदा ठोका.
जमीन इतकी काळी, खोल, की तीत माझी नाकपुडी दिसली,
वर सिंह, धुक्यातून नुकतेच आल्यासारखे पांढुरके.
“श्वास सोडू नका. एक थेंब, की संपलं.”
मी श्वास धरला. बाहेर कुणीतरी कढईत तेल ओतलं.

दुसरं मॅट. पुसलेल्या पाटीसारखं.
उजेड आत जातो आणि परत यायचं विसरतो.

तिसरा आपलाच सूर्यछाप रुपया, पण बाजार न पाहिलेला.
जरा कलता केला, तर उजेडाची एक आरी
सूर्याच्या गालावरून फिरून गेली,
चाक फिरावं तशी.
“ही धावते ना, तोवर नाणं जिवंत.
ठोक्याखाली चांदी वाहिली, त्या वाहण्याच्या या खुणा.
एकदा गेली की राजालाही परत आणता येत नाही.”

मग माझे अकरा.
एकेक कलला. चाक फिरलं नाही.
झगझगीत मात्र सगळे, नव्या वाटीसारखे.
भिंगातून त्यांनी बराच वेळ पाहिलं.
“किसने घिसा?”

आधीच्या मालकाने, मी म्हणालो.

धनत्रयोदशीची सकाळ, रामबाग, नळाची बारीक धार,
पांढरं दंतमंजन आणि जुन्या धोतराचा बोळा.
मी दहा वर्षांचा. मजुरी एक अनारसा.
काळं सुटलं की ओरडायचो : बघ, निघालं!
आई म्हणायची, अजून. कडेला राहिलंय.

“गोल गोल घासलंय,” छाजेडजी म्हणाले,
“आणि डाव्या हाताने. रेघा बघा कशा उलट्या वळतात.”
पावतीवर सही करायला घेतलेलं पेन
माझ्या डाव्या हातात होतं.
ते चष्मा पुसत बसले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

डब्याच्या तळाशी घातलेला कागद त्यांनीच उचलला.
खाली बारावा, पत्र्याला चिकटून.
कडेला जांभूळ, मग विटकरी, मधोमध गव्हाळ,
आणि दिव्याखाली, रंगांच्या खालून, ती आरी : फिरली.
“हा सुटला,” एवढंच म्हणाले.
याचे त्यांनी दिले तेवढे
त्या अकरांचे मिळूनही होत नव्हते.

“बाकीचे चांदीच्या वजनाने जातील. नाहीतर घरी न्या,
कोरड्या जागी ठेवा, हात लावू नका. पुन्हा रंग धरतील.”
किती दिवसांत?
“साठ-सत्तर वर्षं.”
ते एकाहत्तरचे, मी बावन्नचा.
दोघांनीही मनात हिशेब केला, आणि कुणी बोललं नाही.

बाहेर गराडू घेतले, वर जिरावण जास्त.
तेलकट बोटं पुसायला रुमाल काढला, तेव्हा लक्षात आलं,
डबा डाव्या हातात आहे.
तो उजव्यात घेतला.