काट्यावर न येणारं

त्सियालानं ॲप्रनच्या खिशातून काढून
माझ्या तळहातावर ठेवलं, म्हणाली,
"धर. परत आणायचं नाही."
आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

मी झेस्तापोनीच्या वजनकाट्यावरचा कारकून.
सत्तावीस वर्षं मँगनीजचे ट्रक तोलतोय:
भरलेल्यातून रिकामा वजा, शिक्का, पुढचा.
हातातलं हे किती, अंदाजच येईना.
पिठाच्या तराजूत बसवलं,
तर पारड्यातून वाकून काट्यालाच पंजा मारला.
चौथ्या खेपेला आकडा मिळाला, चारशे बारा ग्रॅम.
वहीत लिहिला. सवय.

पहिल्याच रात्री त्याच्या आत काहीतरी घरघरू लागलं,
चढावर दम लागलेल्या इंजिनासारखं.
हात ठेवला की वाढे,
काढला की थांबे.
बिघडलं, म्हटलं. एका दिवसात बिघडवलं मी.
उजाडायच्या आत कोटात घालून, चिखल तुडवत
डॉक्टर माकाचं दार वाजवलं.
तिनं कान लावला, बराच वेळ लावून ठेवला.
"नुगझार," म्हणाली, "हे खूश आहे."

त्याचे पाच लारी घेतले.
वर म्हणाली, दूध पाजू नका, पचत नाही यांना.
मांजराबद्दल मला जन्मभर एकच गोष्ट ठाऊक होती,
तीही गेली.
"आणि लामझिरा म्हणून हाक मारणं थांबवा.
बोका आहे."

(लामझिरामावशीला मात्र अजून सांगितलेलं नाही.
ती दर रविवारी फोनवर विचारते,
"माझी नातेवाईक कशी आहे?"
मी म्हणतो, वाढतेय.)

रात्री तीनला घरात घोडदळ येतं.
बाथटबमधून निघून, कपाटावरून,
माझ्या पोटावरून, परत बाथटबमध्ये.
चारशे ग्रॅमचे पाय एवढे वाजतात कसे?
मग एकदम थांबून
छताच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसतो,
इतका वेळ, की मीही उठून बघतो.
काही नसतं. तो अजून बघतच असतो.

एकदा पायमोज्यात टोचलं काही.
दात. तांदळाच्या कणीएवढा.
मला कुणी सांगितलंच नव्हतं
की यांचेही दुधाचे दात पडतात.
काडेपेटीत ठेवलाय. कशाला, ते विचारू नका.

फ्रिजखालून काय काय ओढून आणलं त्यानं:
बाटलीचं बूच, वाळलेलं जर्दाळू,
आणि निळं एक बटण,
ज्या कोटाचं होतं तो कोट
मी कुणाला दिला, तेही आता आठवत नाही.
बटण माझ्या पायाशी टाकून
मागे सरला, बसला.
मी काय करावं अशी अपेक्षा होती, कळेना.
"बरं," म्हटलं. त्याला तेवढं पुरलं.

गेल्या गुरुवारी दंडावर झोपला.
कामावर निघायची वेळ झाली, हात मुंग्यांनी भरला,
मी डाव्या हातानं गोचाला फोन लावला:
"गाडी चालू होत नाहीये."
पलीकडून आवाज आला, "तुझ्याकडे गाडी कुठंय?"
सत्तावीस वर्षांत पहिली थाप,
तीही नीट जमली नाही.

शेवटी त्यालाच कोटात घालून नेला.
गोचा हसला. म्हणाला, चल, मोजूया.
दोन ट्रकांच्या मधल्या फटीत
मी त्या लांबरुंद लोखंडी फळीवर उभा राहिलो,
गळ्याशी दोन कान.
आकडा आला: ऐंशी.
पिल्लू गोचाच्या हातात देऊन पुन्हा उभा राहिलो.
ऐंशी.

आमचा काटा वीस किलोंच्या टप्प्यानं चालतो.
त्याखालचं सगळं त्याच्या लेखी शून्य.
ड्रायव्हर भांडायचे तेव्हा मीच म्हणायचो,
अहो, एवढ्यानं काय फरक पडतो.

मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला.
गोचाच्या बाहीत शिरलेला बोका
काही केल्या बाहेर येईना.