सामाईक मिळकत

मी दस्तावेज लिहितो. आधी न्यायमंदिरासमोर,
आता दिवाळीपुऱ्याच्या नव्या कोर्टाबाहेर
एक टेबल, एक छत्री, अडकणाऱ्या ‘ळ’चा गुजराती टाइपरायटर.
एकोणतीस वर्षं लोकांच्या वाटण्या लिहिल्या.
आमचीही मीच लिहिली :
कारेलीबागेतल्या फ्लॅटचे आलेले पैसे,
आईच्या चार बांगड्या,
बाबांची बंद पडलेली स्कूटर.
हेमराज, कुमुदिनी आणि मी,
वाचून पाहिलं, समजून घेतलं, राजीखुशीनं सह्या केल्या.

आतडं तेवढं लिहायचं राहिलं.

आईचा भाऊ पस्तिसाव्या वर्षी गेला.
संग्रहणी, म्हणत घरात,
आणि विषय ताकावर नेत.

हेमराज पेटलादच्या वखारीत हिशेब लिहायचा.
तिथं हवाच शिंकायला लावते,
विडी वेगळी शिकावी लागत नाही.
चाळिशीत तो वाळत गेला,
पँटला नवी भोकं पाडत पट्टा आत आत.
क्रोन, असं नाव निघालं.
आम्हाला वाटलं, कुणा साहेबाचं असेल.

मी मात्र सोडली होती.
नात झाली त्या संध्याकाळी, दवाखान्याच्या जिन्यात,
अर्ध्या पाकिटासकट.
सगळ्यांना सांगत फिरलो.
चौदा महिन्यांनी रक्त.

डॉक्टर अमीन, ज्यांच्या आजोबांचं शेत तंबाखूचंच होतं,
दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले.
मग म्हणाले, तुम्ही कोर्टातले ना, तुमच्याच भाषेत सांगतो.
दोघांत एक जुनं कलम आहे, आईकडचं असावं.
नुसत्या कलमानं काही होत नाही,
पिढ्यान्‌पिढ्या पडून राहतं.
यांच्यात धुरानं ते मोठ्यानं वाचून काढलं.

आणि माझ्यात?

तुमच्यात तो त्या पानावर बसून होता,
वजनासारखा.
उठला, आणि पान फडफडलं.

म्हणजे, सोडली म्हणून?

असं म्हणू नका, ते घाईनं म्हणाले.
असं दिसतं, बऱ्याच जणांत दिसतं,
तुमच्यात तेच झालं हे शपथेवर कोण सांगणार.
पण परत ओढायची नाही.
छाती तुमचीच आहे. नातही.

हेमराज हसायला लागला. खोकत, पोट धरून.
दादा, म्हणाला, एकच साक्षीदार,
माझ्या खटल्यात माझ्याविरुद्ध,
तुझ्यात तुझ्या बाजूनं,
आणि तू त्यालाच हाकलून दिलंस!

कुमुदिनी मधली. तीच आई, तेच दूध.
रात्री अकराला सेवउसळीवर दोनदा लाल तरी घेते,
वर कच्चा कांदा.
तिला काही नाही.
याचं कलम मला कुठल्याच कायद्यात सापडलं नाही.

आईनं एकदाच विचारलं, पपई कापता कापता,
माझ्याकडून गेलं का रे?
मी म्हणालो, छे.
तीनशेच्या स्टॅम्पवर केलं असतं तर
खोट्या प्रतिज्ञापत्रासाठी आत गेलो असतो.
तिनं बिया वर्तमानपत्रात गुंडाळल्या,
आणि मला मोठी फोड दिली.

आज दोघांनाही नळी घालून बघायचंय, एकाच दिवशी,
दोघांत सवलत नाही, हे विचारून झालंय.
रात्रभर ते खारट पाणी पिऊन
आम्ही एका संडासाची पाळी लावली,
लहानपणी लावायचो तशी,
दार वाजवत, शिव्या देत.

हेमराजला आधी आत बोलावलं.
मिळालं : घड्याळ एक. चष्मा एक, काडी सैल.
पाकीट, आत साडेतीनशे रुपये.
लाइटर एक, निळा.
सोडतोय, ठेव तुझ्याकडे, असं म्हणून गेला.
तारीख घातली नाही.

बाकावर मी एकटा.
अंगठा चाकावर जातो,
त्याचं तो जातो.
ज्योत येते. छान, स्थिर.
समोरची बाई मुलाला जवळ ओढते.

पोट गुरगुरतं.
मी ज्योत तशीच धरून ठेवतो
तिच्यावर काही न धरता,
अंगठा भाजेपर्यंत.