पीळ

ऑगस्टात कोजिमाच्या गल्लीत
डोक्यावर जीन्स वाळत असतात.
म्हणजे वाळत नसतात, नुसत्या टांगलेल्या,
दोरीवर ओळीने, गिऱ्हाइकांच्या फोटोंसाठी.
वारा सुटला की बिनधडाचे पाय
चालू लागतात समुद्राकडे.

मी मोरिवाकींच्या दुकानात उभा असतो
दिवसाचे नऊ तास.
पंखा अर्धा माझा, अर्धा शर्टांचा.
बाहेर झाडांतले किडे दुपार करवतत बसलेले.

लोक येतात.
सेंदाईचा दंतवैद्य, बुसानचे दोन भाऊ,
सहा महिने घरचा डबा खाऊन पैसे साठवलेला एक पोरगा.
पँट उलटी करून आतला काठ बघतात,
पांढऱ्या पट्टीत तांबडा धागा आहे ना,
मासळी घेताना कल्ला उचलून बघावा तसे.

मग मी पाठ केलेलं सांगतो :
समुद्र हटवून मिळवलेली ही जमीन खारी,
भात रुजेना, म्हणून कापूस लावला.
कापसाचे मोजे झाले, शाळांचे गणवेश झाले, मग हे.
धागा निळीत बुडतो, वर येऊन हवा पितो,
पुन्हा बुडतो,
पण नीळ गाभ्यापर्यंत पोचू द्यायची नाही.
आत पांढरं उरलं तरच
झिजताना काही दिसेल.

हे वाक्य मोरिवाकींचं.
दिवसातून चौदा वेळा म्हणतो मी ते,
पंधराव्यांदा कधीकधी खरं वाटतं.

किंमत ऐकून निम्मे जातात
निळं आइसक्रीम खायला.
उरलेल्यांच्या घोट्याशी मी खडूने खूण करतो
आणि समोर पाठवतो, हिसाएबाईंकडे.

बाई एकोणऐंशीच्या. मशीन त्यांच्याहून थोडं लहान.
त्याच्याखालून निघालेली दुमड सरळ बसत नाही,
तिला पीळ पडतो सुंभासारखा,
आणि धुता धुता त्या पिळाच्या उंचवट्यांवर
नीळ उडत जाते, तिरकी तिरकी.
बाई कारखान्यात होत्या तेव्हा
या पिळापायी पगार कापला जायचा.
आता त्यासाठी बुसानहून विमानाने येतात.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचा भाचा आला, तोकुजी,
गोदीत फिटर, चार दिवसांची सुट्टी, मावशीवर जीव.
रात्रभर जागून त्याने मशीन खोललं,
दाते घासले, पट्टा बदलला, तेल घातलं,
आणि पहाटे चिंधीवर टीप मारून दाखवली :
आखल्यासारखी सरळ.

बाई काही बोलल्या नाहीत.
त्याला जवाचा गार चहा दिला,
कलिंगड कापून दिलं,
स्टेशनपर्यंत सोडून आल्या.

गल्लीत सुतक.
मोरिवाकींनी दोनदा हिशेबाची वही उघडली, दोनदा मिटली.
दहा वाजता पहिली पँट, बुसानच्या धाकट्याची.
कुणी काही बोलेना.
मशीन नव्या पट्ट्यावर गुळगुळीत धावलं,
धागा तुटला, दुमड बाहेर आली :
तोच पीळ. तसाच.

बाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.
मग डावा हात वर केला.
आठव्या वर्षी तुतीवरून पडून मोडलेलं मनगट,
वाकडंच जुळलेलं.
कापड ते मागे ओढतं, जरासंच, एका अंगाने,
गेली साठ वर्षं.
'आणि मी बोल लावत होते मशीनला,' म्हणाल्या,
आणि पुढची पँट घेतली.

त्या रात्री खोलीवर
अंगातली पँट मी दिव्याखाली धरली.
उजव्या मांडीवर फिकट चार बोटं.
खडूचा हात मी तिथे पुसतो,
इतकी वर्षं,
मला कुणी सांगितलं नव्हतं.

तोकुजीला कुणी काही कळवलेलं नाही.
तो समजतो, मशीन सुधारलं.
परवा त्याचं पत्र आलं :
या सुट्टीत येतोय,
तुमच्या समोरच्या दुकानातला पंखा
एका बाजूला अडकतो म्हणे.